चांगला ज्ञानकोश कोणता म्हणावा ?

हल्लीं प्रकल्पांच्या वह्या तपासण्याचा हंगाम आला म्हणजे शाळेंत एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. विषय लोणार सरोवराचा असो, संत जनाबाईंचा असो कीं सौर ऊर्जेचा असो, बहुतेक वह्यांत तींच वाक्यें, त्याच क्रमानें, त्याच चुकांसह उतरलेलीं असतात. अक्षर तेवढें निरनिराळें. "हें कोठून घेतलें ?" असें विचारलें तर उत्तर ठरलेलें : "सर, मोबाईलवर होतें." पूर्वीं "पुस्तकांत छापलें आहे" एवढ्यानें वाद मिटत असे, आतां "मोबाईलवर आहे" एवढ्यानें मिटतो. उलट पालकांपैकीं कांहीं सुशिक्षित गृहस्थ आम्हांस निक्षून सांगतात कीं, इंटरनेटवरील ज्ञानकोशांवर विश्वास म्हणून ठेवूं नये. तेथें कोणीही उठावें आणि कांहींही लिहावें असा प्रकार आहे. मुलाचें मत आणि बापाचें मत हीं दिसावयास परस्परविरुद्ध आहेत खरीं, पण आमच्या मतें दोहोंचें मूळ एकच. लेख उघडून, निरखून, तपासून पाहण्याचा त्रास दोघांनाही नको आहे. सगळें खरें मानण्यास श्रम पडत नाहींत, आणि सगळें खोटें मानण्यासही पडत नाहींत.

विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं ह्या गोष्टीचा थोडा निवांतपणें विचार करावा म्हणून हा लेख लिहीत आहों. ज्ञानकोश विश्वसनीय आहे कीं नाहीं, असें सरसकट विचारण्यांत अर्थ नाहीं. दूध चांगलें कीं वाईट असें कोणी शहाणी गृहिणी विचारीत नाहीं. कोणाच्या घरचें आणि केव्हां काढलेलें, एवढें विचारून घेते. कोशांतील प्रत्येक लेखास हेंच दोन प्रश्न विचारावे लागतात. ज्या कोशास ते विचारतां येतात आणि जो त्यांचें उत्तर देण्यास बांधलेला असतो, तोच कोश चांगला असें आमचें मत आहे. मग तो कातडी बांधणीचा असो वा पडद्यावरचा.

ज्ञानकोश ही कल्पना कांहीं इंटरनेटनें जन्मास घातलेली नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' हा ग्रंथ आहे, त्यांत राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत नाना विषय आले आहेत. फ्रान्समध्यें १७५१ सालापासून दीदरो याचा प्रसिद्ध कोश निघूं लागला, स्कॉटलंडांत १७६८ सालापासून 'ब्रिटानिका'. मराठी वाचकास मात्र ह्या विषयांत पहिलें नांव घ्यावयाचें तें डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें. केतकरांचें शालेय शिक्षण आपल्या वऱ्हाडांतच, अमरावतीस झालें. पुढें ते मुंबईस स्कॉटिश मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजांत गेले आणि तेथून अमेरिकेस जाऊन कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. परत आल्यावर कांहीं काळानें नागपुरास एक मर्यादित मंडळी काढून, लोकांस भाग विकून, त्यांनीं 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चा संसार मांडला आणि पुढें तो पुण्यास हलविला. १९२० सालीं पहिला खंड निघाला आणि त्या दशकांतच तेवीस खंड पुरे झाले. सरकारचा आश्रय नाहीं, संस्थानिकाची थैली नाहीं, टंकयंत्राची सोय बेताची, अशा स्थितींत हें काम झालें. पहिल्या खंडाचें नांव 'हिंदुस्थान आणि जग' असें आहे. त्या एका नांवांतच केतकरांचा हेतु उघड होतो : इंग्रजी कोशाचें भाषांतर करून मराठी माणसापुढें ठेवावयाचें नाहीं, तर मराठी माणूस जेथें उभा आहे तेथून त्यास जग दाखवावयाचें. ही दृष्टि पुढें येणाऱ्या विवेचनांत उपयोगी पडेल, म्हणून येथें मुद्दाम सांगितली.

केतकरांनंतर थोर प्रयत्न झाला तो वाईस. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं 'मराठी विश्वकोशा'चा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला आणि विसावा २०१५ सालीं. विश्वकोशाची एक रीत आम्हांस फार आवडते. नोंद संपली कीं खालीं ती लिहिणाराचें नांव असतें, आणि पुष्कळ ठिकाणीं संदर्भग्रंथांची नांवें असतात. म्हणजे "कोणाच्या घरचें" ह्या प्रश्नाचें उत्तर तेथें सहीनिशीं मिळतें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र कागदी कोशास अवघड जातें. वर्णानुक्रमानें एकेक खंड काढावयाचा म्हटल्यावर पहिल्या आणि विसाव्या खंडांत एकोणचाळीस वर्षांचें अंतर पडलें. तेवढ्या अवधींत सोव्हिएट संघ मोडला (१९९१), मद्रासचें चेन्नई झालें (१९९६), प्लुटो ग्रहांच्या पंक्तींतून उठविला गेला (२००६). ह्यांत संपादकांचा दोष काडीचाही नाहीं. छापलेला कागद स्वतःस दुरुस्त करूं शकत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटानिकेसारख्या दोन-अडीचशें वर्षांच्या जुन्या पेढीनेंही २०१२ सालीं छापील आवृत्ति बंद केल्याचें जाहीर केलें तें उगीच नव्हे.

आतां केतकरांचे खंड यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानानें इंटरनेटवर आणले, विश्वकोशाचे वीसही खंड सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचावयास मिळतात आणि नव्या नोंदी लिहून घेण्यासाठीं विश्वकोश मंडळानें विषयवार ज्ञानमंडळें नेमलीं. मोल्सवर्थसाहेबांचा सुमारे ६०,००० शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ति, १८५७) शिकागो विद्यापीठानें पडद्यावर आणला आहे. एके काळीं हे ग्रंथ पाहावयाचे तर जिल्ह्याच्या गांवीं जाऊन ग्रंथपालाची मनधरणी करावी लागे. आज चिखलीच्या विद्यार्थ्याच्या हातांत ते आहेत, आणि बहुतेकांस ते आहेत हेंच ठाऊक नाहीं ! विद्यार्थी शोधयंत्रांत चार अक्षरें टाकतो आणि जें पहिलें वर येतें तें उचलतो. पहिलें वर येतें तें बहुधा विकिपीडियाचें पान असतें, किंवा त्याची कोणी केलेली नक्कल.

तेव्हां विकिपीडियाकडे वळूं. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. त्यावरील अगदीं पहिल्या लेखांत बालकवींच्या 'औदुंबर' कवितेवरील लेख होता. बालकवि कांहीं काळ नगरास रेव्हरंड टिळकांच्या घरीं मुलासारखे राहिले होते हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या योगायोगाची गंमत वाटेल. हा कोश कोणा एका विद्वन्मंडळाचा नाहीं. ज्यास लिहितां येतें तो लिहितो, ज्यास चूक दिसते तो ती सुधारतो, आणि कोणास एक पैसा मिळत नाहीं. मराठी विकिपीडियानें आपल्या घरांतील खोल्यांस जीं नांवें दिलीं आहेत तीं पाहून आम्हांस फार समाधान वाटलें. सर्वांनीं जमून विचारविनिमय करावयाची जागा ती 'चावडी'. नवख्यानें हात बसवून घेण्यासाठीं, मोडतोड झाली तरी चालेल अशी जागा ती 'धूळपाटी'. आमच्या आजोबांच्या पिढीनें पाटीवर धूळ पसरून तींत बोटानें 'श्री' गिरविला. त्यांच्या पणतवंडांनीं त्याच नांवाच्या पाटीवर ज्ञानकोश लिहावयास शिकावें, ही गोष्ट परभाषेंतून शब्द उचलणारास सुचली नसती.

परंतु मुख्य मुद्दा निराळा आहे. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूस दोन दारें असतात आणि शंभरांत एखादाच वाचक तीं उघडत असेल. एक 'चर्चा' आणि दुसरें 'इतिहास'. इतिहासाचें दार उघडलें कीं त्या पानावर कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या सदस्यानें कोणता शब्द घातला वा काढला, ह्याची आरंभापासूनची यादी दिसते. चर्चेच्या दारांत त्या शब्दांवरून झालेले तंटे दिसतात. जगांतील कोणत्याही छापील ग्रंथानें आपल्या खोडाखोडीचे कागद वाचकापुढें असे उघडे टाकले नव्हते. आणि लेखाच्या मधोमध, एखाद्या बेधडक विधानाच्या अंगास, कधीं कधीं चौकटी कंसांत दोन शब्द दिसतात : संदर्भ हवा. ह्या दोन शब्दांवर आमचें मोठें प्रेम आहे. विधान लिहिणारा कोणीही असो, पुरावा दाखीव, असें त्यांचें म्हणणें. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गांवच्या लोकांची हकीकत आहे. प्रत्यक्ष पौलासारखा उपदेशक बोलून गेला, तरी त्यांनीं तें तसेंच गिळलें नाहीं. तो म्हणतो तसें आहे कीं काय, हें ते रोज शास्त्रांत शोधून पाहत राहिले. आणि ह्याबद्दल ग्रंथकारानें त्यांस नांवें ठेविलीं नाहींत, थोर मनाचे म्हटलें आहे.

ह्यावर पालकांचा आक्षेप येणारच, आणि तो निराधार नाहीं. २००५ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील वयोवृद्ध पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्यावरील इंग्रजी विकिपीडियाच्या लेखांत कोणी टवाळानें असें घुसडून दिलें कीं, केनेडी बंधूंच्या खुनांत ह्या गृहस्थांचा हात असल्याचा एके काळीं संशय होता. निव्वळ थाप. पण ती चार महिने तेथें तशीच राहिली. एका सज्जनाच्या नांवास विनाकारण काळिमा लागला, आणि लावणारा पडद्याआड सुखरूप. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकानें बेचाळीस शास्त्रीय विषयांवरचे विकिपीडियाचे व ब्रिटानिकेचे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियांत सरासरीनें लेखामागें चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकेंत तीन. ब्रिटानिकेनें ह्या तपासणीवर कडक हरकत घेतली, तो वाद येथें नको. आमच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, चुका दोघांतही निघाल्या. विद्वानांच्या सहीनें चूक नाहींशी होत नाहीं, तशी ती अनामिकपणामुळें अपरिहार्यही होत नाहीं. चूक सांपडल्यावर पुढें काय होतें, ह्यावरून कोशाची परीक्षा करावी. शास्त्रीय विषयाच्या लेखांत चूक राहिली तर ती आज ना उद्यां दुरुस्त होते. जिवंत माणसाच्या चरित्रांत खोटें राहिलें तर त्याचें भरून न येणारें नुकसान होतें. म्हणून जिवंत व्यक्तींविषयीं विकिपीडियानें पुढें नियम अधिक कडक केले तें योग्यच झालें.

कोरडें तत्त्व पुरे. आपल्याच जिल्ह्यांतील लोणारचें उदाहरण घेऊं. मेहकरच्या वाटेनें आपल्या शाळांच्या सहली तेथें जातात, म्हणून तें सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. काळ्या बेसॉल्ट खडकांत पडलेलें हें सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचें विवर. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची दखल घेतली. भोंवतालचा सगळा मुलूखच ज्वालामुखीच्या रसाचा बनलेला, तेव्हां हें विवरही ज्वालामुखीचें मुख असावें ही समजूत पुष्कळ काळ चालली, आणि ती तेव्हां वेडेपणाची नव्हती. १९७३ सालीं फ्रेड्रिकसन व त्यांचे सहकारी यांनीं तेथील खडक तपासून, केवळ प्रचंड आघातानेंच होणारे स्फटिकांतील फरक दाखविले; तेव्हांपासून उल्कापाताचें मत पक्कें झालें. पण उल्का पडली केव्हां ? थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनें मोजणारे सांगतात सुमारे ५२,००० वर्षांपूर्वीं. आर्गॉन वायूवरून काल काढणाऱ्या संशोधकांनीं २०११ सालीं उत्तर दिलें सुमारे ५,७०,००० वर्षांपूर्वीं. दोन उत्तरांत दसपटीहून अधिक अंतर !

आतां विद्यार्थ्यांच्या वह्या पाहा. एकींत बावन्न हजार, दुसरींत पावणेसहा लाख, आणि दोघेही आपला आंकडा ठामपणें लिहितात. कारण ज्यानें जें पान आधीं उघडलें त्यानें तें उतरलें. चांगला ज्ञानकोश येथें काय करतो ? तो दोन्ही आंकडे देतो, कोणी कोणत्या पद्धतीनें व कोणत्या सालीं काढले तें सांगतो, आणि निकाल लागला नसेल तर लागला नाहीं असें कबूल करतो. लवणासुराची कथाही तो देतो, कारण त्या कथेवांचून लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचें शिल्प कळावयाचें नाहीं. पण कथा ती कथा म्हणून आणि खडकांची परीक्षा ती परीक्षा म्हणून, निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतो. २०२० सालच्या जून महिन्यांत तळ्याचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां गांवोगांव तर्कांस ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासून खारें पाणी मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लोणारचा समावेश पाणथळ जागांच्या रामसर यादींत झाला. एका वर्षांत एका नोंदीस दोन महत्त्वाच्या जोडण्या लागल्या. छापील खंडास ह्यासाठीं नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली असती, पडद्यावरच्या कोशास एक संध्याकाळ पुरते. पण ती संध्याकाळ कोणी तरी खर्चावी लागते, हें विसरतां कामा नये.

ह्यावरून आम्ही अशा एका दोषाकडे येतों कीं, जो टवाळांच्या खोडसाळपणाहून आम्हांस अधिक भयंकर वाटतो. तो दोष म्हणजे आंकड्यांचा मोह. फिलिपाईन्समधील सेबुआनो भाषेच्या विकिपीडियांत साठ लाखांवर लेख आहेत. जगांतील थोर थोर भाषा त्याच्या मागें पडल्या आहेत. गुपित इतकेंच कीं, त्यांतील बहुतेक सर्व लेख एका स्वीडिश गृहस्थाच्या संगणकी कार्यक्रमानें भराभर पाडलेले आहेत. स्कॉट्स भाषेची गोष्ट तर याहून दुःखाची. त्या भाषेंतील हजारों लेख एका अमेरिकन मुलानें वर्षानुवर्षें लिहिले आणि त्यास ती भाषा येतच नव्हती ! इंग्रजी शब्दांचें स्पेलिंग वेडेंवांकडें करून तो लिहीत गेला, आणि २०२० च्या ऑगस्टापर्यंत ह्याचा बोभाटा झाला नाहीं, कारण ती भाषा बोलणारे तें वाचतच नव्हते. मुलाचा हेतु वाईट नव्हता. पण घरच्यांनीं अंगणाकडे पाठ फिरविली कीं परक्याची शेळी काय खाईल ह्याचा नेम नसतो.

मराठी विकिपीडियाचे लेख आज लाखाच्या घरांत आहेत. हा आंकडा ऐकून छाती फुगविण्यापूर्वीं वाचकांनीं दहा-बारा खेड्यांचीं पानें उघडून पाहावीं. अमुक हें महाराष्ट्र राज्यांतील अमुक जिल्ह्याच्या अमुक तालुक्यांतील एक गांव आहे. आणि त्याखालीं हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळें, नागरी सुविधा, जवळपासचीं गांवें, अशीं मथळ्यांची रांग. मथळ्यांखालीं पुष्कळदां कांहीं नसतें, किंवा जें असतें तें शेजारच्या गांवाच्या पानावरही जसेंच्या तसें असतें. घराची चौकट उभी केली, दारावर पाटी लावली, आंत माणूस नाहीं. अशीं पानें तयार करणारांनीं सद्‌हेतूनेंच केलीं असतील : आज चौकट करून ठेवावी, उद्यां गांवकरी येऊन ती भरतील. गांवकरी अद्याप आले नाहींत. आमचें मत कोणास कठोर वाटेल, पण तें आम्ही लपवीत नाहीं : एक हजार रिकाम्या चौकटींपेक्षां एका गांवावरचें, आधार देऊन लिहिलेलें, दोन पानांचें लेखन आम्ही श्रेष्ठ मानूं. रिकामी चौकट नुसती निरुपयोगी असती तर गोष्ट वेगळी. तिनें "माहिती आहे" असा भास होतो आणि लिहावयास निघालेला माणूस माघारा फिरतो.

भाषेविषयीं थोडेंसें. इंग्रजी लेख यंत्राच्या तोंडांत घालून जें मराठी बाहेर काढतात, तें वाचतांना खडे चावल्यासारखें होतें. क्रियापद कोठें, कर्ता कोठें, आणि "धरण बांधलें" ह्याऐवजीं "धरणाचें बांधकाम केलें गेलें होतें". ह्यानें कान बिघडतो तो बिघडतोच, पण अर्थही निसटतो. कारण ज्यानें लिहिलें त्यासच तो कळलेला नसतो. हल्लीं प्रश्न टाकतांच सफाईदार उत्तर देणारीं बोलकीं यंत्रेंही निघालीं आहेत, आणि तीं वापरण्यांत आमचे कांहीं विद्यार्थी गुरुजींहून तरबेज आहेत. त्या यंत्रांचा आम्ही सरसकट निषेध करीत नाहीं. पण हीं यंत्रें ज्ञानकोश आणि इतर लेखन पोटांत घालूनच बोलावयास शिकलीं आहेत, आणि बोलतांना तें कोणत्या भांड्यांतून आलें हें बहुधा सांगत नाहींत. कधीं सांगितलें तरी तें भांडें खरोखर फळीवर आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें. तेथें इतिहासाचें दार नाहीं, चर्चेचें नाहीं, संदर्भ हवा असें म्हणावयास जागा नाहीं. ज्या उत्तरास "तूं कोणाच्या घरचें ?" असें विचारतां येत नाहीं, तें उत्तर कितीही गोड असलें तरी तें वहींत उतरण्यापूर्वीं दुसरीकडे ताडून पाहावें, इतकेंच आमचें सांगणें.

ताडून पाहावयाचें कशावर ? आपल्या जिल्ह्यापुरतें सांगावयाचें तर साधन अगदींच नाहीं असें नव्हे. नेल्सनसाहेबांनीं संपादिलेलें बुलढाणा जिल्ह्याचें गॅझेटिअर १९१० सालचें आहे. जुना ग्रंथ, सरकारी दृष्टीचा, कांहीं मतें आज टाकून द्यावीं लागतील. पण साल, पीक, बाजार, रस्ते ह्यांविषयीं त्यांत पुष्कळ सांपडतें. जनगणनेचीं पुस्तकें आहेत, विश्वकोश आहे. विद्यार्थ्यानें विकिपीडियाचें पान वाचावें, खालच्या संदर्भांपैकीं एक तरी उघडून पाहावा, आणि पान व संदर्भ जुळतात कीं नाहीं तें वहींत दोन ओळींत लिहावें. ह्या दोन ओळींस उतरलेल्या वीस पानांहून अधिक गुण द्यावेत असें आम्ही आमच्या सहकाऱ्यांस सुचविलें आहे. कांहींस तें पटलें, कांहींस वह्या पातळ होतील अशी धास्ती वाटते.

येथें एक खरी अडचण येते आणि तिला विकिपीडियाच्या नियमांत उत्तर नाहीं. विकिपीडियास छापलेला आधार लागतो. स्वतः शोधून काढलेली, अद्याप कोठें प्रसिद्ध न झालेली गोष्ट तेथें चालत नाहीं. नियम योग्य आहे. तो नसता तर प्रत्येकानें आपली मनोरथें ज्ञान म्हणून लिहिलीं असतीं. पण ज्या गांवांविषयीं कोणी कधीं छापलेंच नाहीं, त्यांनीं काय करावें ? मुंबई-पुण्याच्या गल्लीबोळांवर ग्रंथ आहेत. आपल्या भागांत १९७२-७३ च्या दुष्काळांत खडी फोडून पोट भरलेलीं माणसें अजून हयात आहेत. त्या कामांवर मिळालेली सुकडी आणि परदेशाहून आलेली लाल मिलो ज्वारी त्यांच्या तोंडून ऐकावी. चिखलीच्या रेणुकामातेच्या यात्रेंत पन्नास वर्षांपूर्वीं कोणत्या गांवच्या गाड्या येत, कोणता माल विकला जाई, हें सांगणारे म्हातारे आहेत. मिशनच्या दवाखान्यांत बाळंतपणें केलेल्या वृद्ध परिचारिका वऱ्हाडांतील ख्रिस्ती कुटुंबांतून भेटतील. हें सारें ज्ञान पुस्तकांत नाहीं, म्हणून कोशांत नाहीं. आणि कोशांत नाहीं म्हणून पुढच्या पिढीच्या मोबाईलवर तें कधींच येणार नाहीं. दरवर्षीं ह्यांतील एखादी आजी जाते, आणि तिच्याबरोबर एक नोंद जाते. रिकाम्या चौकटीचें खरें कारण हें आहे.

छापलेला आधार हवा, आणि छापावयाचें साधन तर आपल्या हातांत आहे : हें वार्षिक. ह्या वार्षिकांत छापल्यानें एखादी गोष्ट लगेच प्रमाण होईल अशी आमची समजूत नाहीं. शाळेच्या मासिकास विद्वान लोक किती मान देतात तें आम्ही जाणतों. तरी नांवानिशीं, तारखेनिशीं छापलेला कागद उरतो, आणि तो उद्यांच्या संशोधकास धागा देतो. म्हणून पुढील अंकाच्या मराठी विभागांत कांहीं पानें 'आमच्या परिसराच्या नोंदीं'साठीं राखून ठेवावीं अशी आमची सूचना आहे, आणि ती मान्य होईल असें धरून नियमही येथेंच देऊन टाकतों.

नोंद दोनशें शब्दांहून मोठी नसावी. विषय एकच असावा : एक विहीर, एक धंदा, एक यात्रा, एक दुष्काळी काम, एखाद्या इमारतीची कोनशिला. कोणी सांगितलें त्याचें नांव, वय आणि सांगितल्याची तारीख खालीं लिहावी. नांव छापण्यास त्यांची संमति घ्यावी, ती नसेल तर नोंद घेऊं नये. दोन माणसांचें सांगणें जुळलें नाहीं तर दोन्हीं लिहावीं, आपल्या मनानें एक खोडूं नये. ऐकलेलें आणि पाहिलेलें ह्यांत फरक दाखवावा. लिहिणारानें आपलें नांव व इयत्ता स्पष्ट अक्षरांत द्यावी. मोबाईलवरून उतरलेलें कांहींही पाठवूं नये. नोंदी दिवाळीच्या सुटींत तयार करून शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत मराठी विभागाच्या संपादकांकडे आणून द्याव्या. आजी-आजोबांकडे बसण्यास त्या सुटीइतका चांगला वेळ नाहीं. पालकांनीं मुलांस त्यांच्याकडे घेऊन जावें.